भंगारातील सरस्वती

आमच्या घराण्यात तीन पिढ्या मास्तरकी झाली. तराजू कोणी हाती धरला नाही. त्यामुळे धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाने चांगली चालती नोकरी सोडून जुन्या तसबिरी, समया, अडकित्ते असल्या वस्तू विकत घ्यावयाच्या व पुन्हा विकावयाच्या, असा उद्योग आरंभिला, तेव्हा आम्हांस तो मुळीच रुचला नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून अशाच वस्तू जन्मभर वेचल्या आणि 1975 साली सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. त्यांनी घेतले, पण विकले नाही, हे उदाहरण आम्ही त्याच्यापुढे वारंवार ठेवीत असू. तो एवढेच म्हणे, "काका, माझ्यापाशी दोनच खोल्या आहेत."

शुक्रवारी उजाडण्यापूर्वी तो मुंबईच्या चोरबाजारात जातो, असे कळल्यावर आम्ही त्यास याज्ञवल्क्यस्मृती ऐकविली. ज्याच्यापाशी ती वस्तू असण्याचा संभव नाही अशाकडून, एकांतात, फार अल्प किमतीस, अवेळी जो खरेदी करतो तो चोरच, असे तीत म्हटले आहे. त्याने हसून खिशातून कागद काढला. शंभर वर्षांवरील कलावस्तूंचा व्यापार 1972 च्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून करता येत नाही, आणि त्या परदेशी धाडण्यास तर खाजगी व्यापाऱ्यास मनाईच आहे. त्याने परवाना काढला होता. आमची स्मृती तेथेच मिटली.

आम्ही मुलुंडास राहतो. येथली जुनी बैठी घरे आणि दुमजली इमारती पाडून मनोरे उभे राहात आहेत. घर रिकामे करण्याची वेळ आली की आधी पोथ्या जातात, मग तसबिरी. भंगारवाला चौकटीचे लाकूड एकीकडे, काच दुसरीकडे करतो आणि चित्र रद्दीत टाकतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दुकानी पुतण्या आम्हांस घेऊन गेला. सागवानी चौकटीत वीणाधारिणी सरस्वती होती. लुगड्याच्या काठांवर खरी जर शिवलेली, मोराच्या पिसाऱ्यावर टिकल्या, आणि तळाशी रविवर्म्याच्या छापखान्याचे नाव.

राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. 1899 साली तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. पुढे श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि 1972 साली आगीत त्याची राख झाली. एकेका रंगास एकेक स्वतंत्र दगड, आणि प्रत्येक दगडाचा छाप आधीच्या छापावर नेमका बसावयास हवा! ज्या घरांत मूळ तैलचित्र स्वप्नातही आले नसते तेथे या छापील देवता भिंतीवर बसल्या, आणि बायकांनी त्यांस हौसेने जर व मखमल नेसविली. आमच्या आजोळी अशीच एक लक्ष्मी होती. तिचे काय झाले, हे विचारावयास आता कोणी उरले नाही.

पुतण्याने भिंग आमच्या हाती दिले. शिळाछापाचे ठिपके तांदळाच्या कण्यांप्रमाणे विखुरलेले दिसतात. हल्लीच्या नकलेचे ठिपके मात्र कवाइतीस उभ्या केलेल्या मुलांप्रमाणे रांगेत असतात. येथे कण्याच होत्या. भंगारवाल्याने सहाशे रुपये मागितले, ते पुतण्याने दिले. दोनच दिवसांत अठरा हजारांस गिऱ्हाईक ठरले.

मग साफसफाईसाठी पाठीची फळी काढली, तो आतून एक चिठ्ठी निघाली. पेन्सिलीने, बाळबोध वळणाच्या अक्षरांत, एका गृहिणीचे नाव आणि ‘जर लावून पुरी केली, शके 1838’ एवढाच मजकूर. म्हणजे इसवी सन 1916 च्या सुमाराची गोष्ट. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. वस्तू चोरीची नसेल, पण नजरचुकीने तर दिली नसेल?

भंगारवाल्याकडून इमारतीचा ठिकाणा घेतला. कुटुंब भाड्याच्या जागेत भांडुपास गेले होते. तसबीर घेऊन आम्ही दोघे तेथे गेलो. ऐंशीच्या घरातील एका आजींनी चिठ्ठी पाहिली, जरीवरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, "आजेसासूबाईंचे अक्षर." मग सहज विचारले, "विकल्यास काय येईल हो, मास्तर?"

चाळीस वर्षे वर्गात खरे बोलण्याचा पाठ दिलेल्या आमच्या तोंडून शब्द निघाला, "सहाशे."

"काका, सहाशे आपण दिले," पुतण्या म्हणाला. "आजी, अठरा हजार ठरले आहेत."

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाचा चेहरा पालटला. "मग ती आमचीच—" असे तो बोलू लागला, तोच आजींनी त्यास थांबविले. "काच फुटून मुलांना लागेल म्हणून तूच दिलीस ना? आणि आता ठेवणार कुठे? येथे देवसुद्धा फळीवर बसले आहेत." पुतण्याने खर्च वजा जाता निम्मी रक्कम देऊ केली. ती त्यांनी आढेवेढे न घेता स्वीकारली, याचे आम्हांस फार बरे वाटले. चिठ्ठी मात्र त्यांनी मागून घेतली. निघताना म्हणाल्या, "त्या भंगारवाल्यालाही काही द्या. त्याने फोडली नाही."

परतीच्या वाटेवर पुतण्या आमच्या ‘सहाशे’विषयी अवाक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

भंगारवाल्यास त्याने हजार रुपये दिले. तेव्हापासून तो गृहस्थ कोणतीही चौकट फोडण्यापूर्वी त्यास निरोप धाडतो. आणि अर्थातच सहाशेला आता काही देत नाही.