थिबाच्या आवारातला हिवाळा

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या आवारात हिंडताना पहिल्यांदा जाणवते ते हे, की कैदेसाठी निवडलेली ही जागा फार देखणी आहे. जवळच्या कड्याशी, ज्याला आता सारे थिबा पॉइंट म्हणतात तेथे, उभे राहिले की खाली काजळी नदीची खाडी, तिच्यावरचा भाट्याचा पूल आणि पलीकडे अरबी समुद्र. ज्या समुद्राने परत जाता येईल तोच समुद्र रोज डोळ्यांपुढे ठेवायचा आणि नाव मात्र मिळू द्यायची नाही, ही शिक्षा अंधारकोठडीहून सौम्य म्हणावी की कठोर, हे त्या सकाळी आम्हांला ठरवता येईना.

आम्ही दोघेही वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचे, मराठी शिकवून पोट भरणारे. समुद्र आमच्याकडे उपमा म्हणून येतो, अनुभव म्हणून नव्हे. डिसेंबर म्हणजे तुरीच्या शेंगा भरण्याचे, हरभऱ्याची भाजी खुडण्याचे आणि पहाटे शेकोटीभोवती बसण्याचे दिवस. येथे मात्र स्वेटर पिशवीतून बाहेरच आले नाहीत. जांभ्या मातीच्या वाटेवर सकाळचे ऊन तिरपे पडले होते, एखाददुसऱ्या आंब्यावर मोहोर दिसू लागला होता आणि हवेत खारा ओलावा होता. याला हिवाळा म्हणायचे तर आमच्या थंडीला दुसरा शब्द शोधावा लागेल!

थिबा राजाला इंग्रजांनी मंडालेहून हलवले ते नोव्हेंबर १८८५ मध्ये. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा त्याचे वय सत्तावीस. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद. राजाला विसरायला लावण्यासाठी याहून सोयीची जागा कोणती? (कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये.) प्रारंभीची वर्षे भाड्याच्या बंगल्यांत गेली. आज दिसतो तो उतरत्या छपरांचा, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांचा तीनमजली राजवाडा १९१० मध्ये राहण्याजोगा झाला. म्हणजे 'राजवाडा' मिळेपर्यंत राजेपण जाऊन पाव शतक उलटले होते. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या कादंबरीतला राजा दुर्बिणीतून समुद्र न्याहाळत बसतो. त्या कड्यावर आम्हांला सनावळीच्या आधी आठवला तो हाच कादंबरीतला राजा.

पण मराठीच्या शिक्षकाला या आवारात आल्यावर आणखी एक माणूस आठवल्यावाचून राहत नाही. टिळकांचा जन्म याच रत्नागिरीतला, १८५६ चा. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते, आणि तो तुरुंग होता थिबाच्या पित्याने, मिंडॉन राजाने, उभारलेल्या राजधानीच्या किल्ल्यातच. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान आणि रत्नागिरीचा पुत्र त्या राजाच्या किल्ल्यात बंदिवान. त्यातही १९१०-११ चा हिवाळा पाहावा: राजा या नव्या इमारतीत स्थिरावत होता आणि टिळक तिकडे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. साम्राज्याच्या कारकुनी वहीत या दोन नोंदी वेगवेगळ्या पानांवर असतील. आमच्या पाठ्यक्रमातही मंडाले येते ते 'गीतारहस्या'चे जन्मस्थान म्हणून, कुणाचे तरी हिरावलेले घर म्हणून नव्हे. त्या घराचा लाकडी राजवाडा पुढे १९४५ मध्ये युद्धात जळाला.

एवढे बोलून होते तोच आमच्यात वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे, या राजाविषयी इतके हळवे होण्याचे कारण नाही. तो गादीवर आला १८७८ मध्ये आणि पुढच्याच वर्षी गादीचे दावेदार ठरू शकणारे राजकुलातले कितीतरी आप्त मारले गेले, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. दुसरीचे म्हणणे, ते सारे मान्य. पण इंग्रज काही त्या मृतांना न्याय द्यायला मंडालेला गेले नव्हते. त्यांना सागवान हवे होते आणि चीनकडे जाणारी वाट. दोन्ही म्हणणी खरी असल्याने वाद मिटला नाही, आणि आम्ही राजवाड्याच्या मागच्या बाजूच्या बुद्धमूर्तीकडे वळलो.

त्याहून अवघड प्रश्न राजाच्या नातीचा. थोरल्या राजकन्येला राजवाड्याचे पहारेकरी गोपाळ सावंत यांच्यापासून झालेली मुलगी, टुटू. राजानंतर १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले. राजकन्या मात्र लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ मध्ये येथेच वारली. टुटू रत्नागिरीतच वाढली, संसार केला, हालअपेष्टा काढल्या आणि २००० मध्ये गेली. तिची भाषा मराठी होती. हे वाचून आमच्यापैकी एकाला क्षणभर अभिमान वाटला, की पाहा, आमच्या भाषेने राजकुलाला आपलेसे केले. दुसरीने तो तेथेच थांबवला. भाषा स्वीकारणे वेगळे आणि दुसरी भाषा उरलीच नाही म्हणून हीच बोलणे वेगळे. आईच्या अंगाईची बोली लेकीपाशी केवढी उरली असेल? आमची स्वतःची मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून घरची वऱ्हाडी फोनवर फक्त आजीशी बोलते, आमच्याशी पुस्तकी मराठी. वर्गात तीच मराठी शिकवून शिकवून आम्ही तिला काय म्हणणार? हा विषय आम्ही त्या आवारात फार ताणला नाही.

राजधान्यांच्या उरण्या-न उरण्याचे आम्हांला नवल नसावे. आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह झाला तो याच नगरात. तेथला राजा सर्वसेन प्राकृतात 'हरिविजय' लिहून गेला. आज ते काव्य नाही, अलंकारशास्त्रकारांनी दिलेल्या अवतरणांपुरते ते उरले आहे. थिबाचे तसे नाही. त्याची इमारत शिल्लक आहे, तिची देखभाल होते, तिकडे जाणारा रस्ताही त्याच्या नावाने ओळखला जातो. रत्नागिरीच्या रिक्षावाल्याला 'थिबा' एवढे म्हटले की पुरते.

समाधी राजवाड्यापासून दूर, गावातल्या वस्तीत आहे. पतीचा देह मायदेशी न्यावा ही राणी सुपायालातची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही. अखेर १९१९ मध्ये त्याला आणि आधीच, १९१२ मध्ये, निवर्तलेल्या धाकट्या राणीला येथे चिरविश्रांती दिली गेली, आणि थोरली राणी एकटीच जहाजात बसली. ब्रह्मदेशचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ च्या डिसेंबरात या समाधीपाशी येऊन गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. आजूबाजूच्या घरांच्या गच्च्यांवर कपडे वाळत होते आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून खोबरे भाजल्याचा वास येत होता. समुद्र तेथून दिसत नाही.