साठे सरांचं पुस्तक आणि विहिरींची यादी

पुण्याच्या कायद्याच्या प्राध्यापकाचा आणि फुलंब्रीच्या बातमीदाराचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. पण सध्या माहिती अधिकाराच्या अर्जांना जी उत्तरं येतायत, ती वाचून मला डॉ. सत्यरंजन साठे आठवतायत.

साठे सर पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य. मूळ विषय प्रशासकीय कायदा. न्यायालयीन सक्रियतेवरचं त्यांचं २००२ चं पुस्तक गाजलं. पण आपल्या धंद्याच्या कामाचं पुस्तक त्याआधीचं, १९९१ चं. नाव ‘द राइट टू नो’, म्हणजे जाणण्याचा हक्क. साल बघा. केंद्राचा माहिती अधिकार कायदा यायला अजून चौदा वर्षं होती. सरकारी कागद म्हणजे गोपनीय, ही १९२३ च्या इंग्रजी कायद्याची सवय प्रत्येक टेबलावर होती. २००५ ला कायदा आला. २००६ मध्ये सरांचं त्यावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी सर गेले.

आम्ही पत्रकारितेची पदविका केली तेव्हा ‘माध्यमविषयक कायदे’ म्हणजे अब्रुनुकसानी आणि न्यायालयाचा अवमान. थोडक्यात, काय छापू नये याची यादी. काय मागता येतं, हा त्याच विषयाचा अर्धा भाग आहे हे कुणी शिकवलंच नाही. साठे सरांनी तोच अर्धा भाग पुस्तकाचा विषय केला होता.

आणि हा हक्क पत्रकाराचा नाही बरं का, नागरिकाचा आहे. बाबासाहेबांनी संविधान सभेत हेच मांडलं होतं: वृत्तपत्राला वेगळा हक्क कशाला, संपादकही नागरिकच. हे बोलणारा माणूस मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य होता आणि ‘बहिष्कृत भारत’चा संपादकही.

आता मुद्द्यावर येतो. मार्च २०२३ मध्ये गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे यांनी फुलंब्री पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळल्या. विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागितले जातात, असा त्यांचा आरोप होता. तो व्हिडिओ देशभर फिरला. पण असा आरोप तपासायचा तर पत्रकाराला काय लागतं? यादी. विहीर कुणाच्या नावावर, कोणत्या गटात, बिल किती निघालं.

नेमकी तीच यादी आता अडते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खासगीपणात विनाकारण घुसखोरी होते, हे बघावं लागायचं. जी माहिती संसदेला, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. दोन्ही गेलं. ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द उरले. मला एका कार्यालयातून उत्तर आलं तेही एवढंच. लाभार्थ्यांची नावं वैयक्तिक, म्हणे! पैसा सरकारचा, पण नाव खासगी.

आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला सूट होती. मंजूर कायद्यात ती नाही. तालुक्यात यावर चर्चा शून्य.

पण सगळं संपलेलं नाही. कलम ८(२) शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४(१)(ख) नुसार अनुदानाच्या योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता जाहीर करायचा असतो. अर्ज करणाऱ्यांनो, ही दोन्ही कलमं अर्जातच लिहा, जनहित कोणतं तेही दोन ओळींत मांडा. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. मी केलंय. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.