म्हणीतली म्हातारी

‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ इच्छामरणाचा विषय निघाला की ही म्हण कोणीतरी काढतोच, आणि मग वाद मिटल्यासारखा वाटतो. आज वेदनेने तळमळणाऱ्याला परवानगी द्याल, उद्या जगण्याला नुसता कंटाळलेला दारात उभा राहील, असा तिचा रोख. ही धास्ती पोकळ नाही. नेदरलँड्सचा कायदा २००२ मध्ये अमलात आला तो असह्य आणि सुधारण्याची आशा नसलेल्या यातनांसाठी. २०२० मध्ये तिथल्या संसदेत पंच्याहत्तरी गाठलेल्या आणि आपले आयुष्य पूर्ण झाले असे वाटणाऱ्या माणसांसाठी, आजार नसला तरी चालेल, असे विधेयक मांडले गेले. मला मात्र म्हणीचा पूर्वार्ध सोडवत नाही. काळाची एवढी काळजी वाहणाऱ्या म्हणीने म्हातारीचे दुःख पहिल्याच दमात निकालात काढले आहे. ती कशाने गेली, तिला जायचे होते का, उशाशी कोण होते, काही कळत नाही. वय झाले होते, एवढे पुरते. मग काळ सोकावतो तो मरणाला परवानगी मिळाल्याने, की तिच्या जाण्याचे कोणाला काही वाटले नाही म्हणून?

मला दुसरे अधिक खरे वाटते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून मरणासन्न रुग्णाला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाने आयुष्य संपवता येते. तिथल्या वार्षिक अहवालांत रुग्णांची कारणे नोंदलेली असतात. वेदना त्यांत अग्रस्थानी नाही. स्वावलंबन जाणे आणि आनंदाच्या गोष्टी करता न येणे ही कारणे पुढे आहेत, आणि घरच्यांवर भार होण्याची भीतीही बरेच जण सांगतात. २०१८ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका वृद्ध, निपुत्रिक जोडप्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची परवानगी मागितल्याची बातमी आली. दोघांना कुठलाही गंभीर आजार नव्हता. पुढच्या परावलंबनाची भीती होती. तेव्हा मरणाची मागणी ऐकताना, जगण्याची कोणती सोय या माणसापुढे होती, हे आधी विचारले पाहिजे. यावर आक्षेप येतो, आणि तो जड आहे: समाज सुधारेपर्यंत आज तळमळणाऱ्याने थांबायचे का? आपण त्याची काळजी घेत नाही, आणि त्याच कारणाने त्याची सुटकाही अडवायची, ही दुहेरी शिक्षा झाली. याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. निरुपयोगी उपचार थांबवण्याची मोकळीक असावी, हे मला पटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. पण जिथे शेवटचा दिवस बिलाच्या आकड्यावरून ठरतो, तिथे उपचार थांबवणेही दर वेळी रुग्णाची निवड असते, असे म्हणवत नाही.

दुःख करणारे कोणी असले की प्रश्न सुटतो, असे म्हणावे तर मुंबईचे केईएम रुग्णालय आठवते. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग सुमारे ४२ वर्षे तिथे, बोलता न येणाऱ्या अवस्थेत, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना मरण मिळावे म्हणून लेखिका पिंकी विराणी न्यायालयात गेल्या. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. २०११ मध्ये न्यायालयाने कौल दिला तो सांभाळणाऱ्यांच्या बाजूने. मला तो निकाल योग्य वाटत आला आहे: जो रोज कूस बदलून देतो, त्याच्या शब्दाला वजन हवे. पण शानबाग यांना काय हवे होते, हे परिचारिकांनाही ऐकू येण्याची सोय नव्हती, विराणींनाही नव्हती. बोलू शकणाऱ्या म्हाताऱ्यांचे तरी काय? ‘मला जाऊ द्या’ म्हणावे तर इतकी वर्षे सेवा केलेल्यांना दुखवल्यासारखे होते. ‘मला जगायचे आहे’ म्हणावे तर त्यांच्याकडे आणखी काही वर्षे मागितल्यासारखे. म्हणजे ज्यांना विचारायचा हक्क आहे, नेमके त्यांच्यासमोरच खरे सांगणे अवघड. परक्या डॉक्टरापुढे किंवा आगाऊ लिहून ठेवताना नोटरीपुढे ते सोपे होईल का, आणि सोपे झाले म्हणून अधिक खरे ठरेल का, याची खात्री मला आता पूर्वीइतकी देता येत नाही.