श्वास कुठे घ्यायचा?

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की विद्यार्थी विचारतात, 'सर, या हिवाळ्यात काय पाहू?' आजवर माझी यादी ठरलेली असे: एखाद्या जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन, एखादी गाजलेली एकांकिका. यंदाची यादी वेगळी आहे. तिच्यामागे एक जुने ऋण आहे, ते आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात मी देवलांचे 'शारदा' शिकवत होतो. मागच्या बाकावर मल्लखांब करणारा एक मुलगा बसे. एक लांबलचक भाषण वाचून झाल्यावर त्याने विचारले, 'सर, एवढे बोलताना हे पात्र श्वास कुठे घेते?' वर्ग हसला. मीही हसलो आणि 'हा प्रश्न परीक्षेत येत नाही' असे म्हणून पुढच्या प्रवेशाकडे वळलो. त्या मुलाने पुन्हा काही विचारले नाही. पुढच्या सत्रात तो वर्गात यायचाच थांबला.

२०१८च्या नोव्हेंबरात 'सर्क द्यु सोलेय' या कॅनडातील सर्कशीच्या 'बझार'चे प्रयोग मुंबईत सुरू झाले. मी गेलो तो खरे तर थोड्या तुच्छतेनेच. त्या प्रयोगात मल्लखांब होता. खांबावरचा माणूस एका आसनात स्थिरावला, तेव्हा त्याची छाती वरखाली होताना मला दिसली. त्या क्षणी तो बाकावरचा प्रश्न आठवला आणि आपण काय हसण्यावारी नेले होते, ते उमगले. संहितेत विरामचिन्हे असतात. श्वास मात्र नटाच्या देहात असतो, आणि मी वीस वर्षे देहावाचून नाटक शिकवत आलो होतो.

ही उणीव माझ्या एकट्याची नसावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याच सांगली परिसरातील अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८०मध्ये मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. भारतीय सर्कशीची सुरुवात तिथून मानतात. हे मात्र आमच्या एकाही पेपरात नाही. एकाच मातीतले एक अपत्य वाङ्मयेतिहासात गेले आणि दुसरे तंबूतच राहिले.

म्हणून पहिली शिफारस तंबूचीच. गावाच्या मैदानावर सर्कस आली तर अवश्य जा. 'वाघसिंह गेले, आता सर्कशीत उरले काय?' असे अनेकजण म्हणतात. वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर सरकारने १९९८मध्ये बंदी घातली, ती २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. २०११मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली. आता उरले आहे ते प्रौढ माणसाचे शरीर. पश्चिमेकडील नव्या सर्कशीने १९७०नंतर प्राण्यांना रजा दिली, ती मुख्यतः सौंदर्यदृष्टीने केलेली निवड होती. आपल्याकडे तीच गोष्ट कायद्याने घडवली. आपल्या सर्कशीला अद्याप कथासूत्र सापडलेले नाही, विनोद शिळे आहेत, हे मान्य. तरीही शेवटच्या झुल्यांच्या खेळात एकाने हात सोडून दुसऱ्याने तो पकडेपर्यंतच्या अवकाशात जे घडते, त्याला नाट्य याखेरीज दुसरा शब्द नाही. रंगमंचावरचा मृत्यू खोटा असतो. इथले पडणे खरे असू शकते.

दुसरी शिफारस 'आदिशक्ती'ची. वीणापाणी चावला यांनी १९८१मध्ये मुंबईत सुरू केलेली ही संस्था पुढे पुदुच्चेरीजवळ स्थिरावली. कूडियाट्टम, कळरिपयट्टू अशा परंपरांचा अभ्यास करून त्यांनी नटाच्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी श्वास आणला. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तिथे पहिल्या दिवसाचा धडा ठरला असता. त्यांच्या 'गणपती'मध्ये कथा सांगण्याचे बरेचसे काम तालवाद्ये करतात. २०१४मध्ये वीणापाणीबाई गेल्या, पण काम थांबले नाही. निम्मी राफेल यांचे वालीवधाकडे अनेक बाजूंनी पाहणारे 'बाली' कुठे लागले, तर सोडू नका.

प्रवास करणे शक्य असेल त्यांनी पणजीचा डिसेंबरातला सेरेंडिपिटी महोत्सव किंवा त्रिशूरचा केरळ आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव गाठावा. कार्यक्रमपत्रिकेत शारीर रंगभूमीचे प्रयोग शोधावेत. ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही, त्यांनी सिंधुदुर्गातील एखाद्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहावा. लिखित संहिता नसलेले संवाद आणि पखवाजाच्या तालावर नाचून लढलेले युद्ध पाहताना 'शारीर रंगभूमी' हा शब्द आपण उगाच बाहेरून आणला की काय, असे वाटू लागते.

पाहताना वही नेऊ नका. शक्य तितके पुढे बसा, म्हणजे घाम दिसेल आणि दम लागलेला ऐकू येईल. परत आल्यावर अभ्यासक्रमातले कोणतेही नाटक उघडा आणि त्यातले एक भाषण उभे राहून मोठ्याने वाचा.

यंदा 'शारदा' शिकवताना मी वर्गाला हेच करायला लावले. एक मुलगी एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, 'सर, इथे दम पुरत नाही.' या वेळी कोणी हसले नाही. ती ओळ आम्ही बराच वेळ पुनःपुन्हा वाचत होतो. मागचा बाक रिकामा होता. तो मुलगा आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. त्याला द्यायचे उत्तर मी आता इतरांना देत आहे.