मॉरिशसला निघताना

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसला निघालात, तर बॅगा भरण्याआधी एवढं ध्यानात घ्या: आपल्याकडे उन्हाचा कहर, तेव्हा तिथं हिवाळा लागत असतो. बेट म्हटल्यावर आम्ही आपले नुसते सुती कपडे नेले. किनाऱ्यावर ते छान पुरले. पण देवदर्शनाला गंगा तलावावर गेलो नि फजिती झाली! तो तलाव डोंगराळ भागात, सुमारे १,८०० फूट उंचीवर. भुरभुर पाऊस, बोचरा वारा. धाकटी इतकी काकडली की मी तिला पदरातच गुंडाळली. दर्शन कसलं, पळालोच! तेव्हा सुती कपड्यांचे दोन जोड कमी करा, पण प्रत्येकाचा एकेक स्वेटर घ्याच. तोही हॉटेलवर बॅगेत नको, हातातल्या पिशवीत हवा.