घेराचा ताळेबंद

फॅशन हा बायकांचा प्रांत, असे पुरुष म्हणतात. बायका म्हणतात, तो पैसेवाल्यांचा. मी पडलो बी.कॉम.; मला तो सरळ जमाखर्चाचा विषय वाटतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांतले फॅशनचे फोटो ओळीने लावून पाहा. कमरेखालचे कापड एकदा वाढते, मग घटते, की पुन्हा वाढते. नोकरदाराच्या पासबुकात पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत जे घडते तेच! आणि फोटो म्हणजे त्या खर्चाचे व्हाउचर. व्हाउचर नाही तर खर्च झालाच नाही, हा नियम आम्हां बँकवाल्यांच्या आधी नटलेल्या बायकांना ठाऊक असावा.

पहिले मोठे खाते काउंटेस कास्तिल्योने या इटालियन बाईंचे. पॅरिसला पिएर्सन नावाच्या फोटोग्राफरकडून बाईंनी चाळीसेक वर्षांत चारशेंवर फोटो काढून घेतले. आमच्या घरी लग्नाचा अल्बम धरूनही इतके भरणार नाहीत. सुरुवात १८५६ची. पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यावर झगा फुगवायची टूम तेव्हा नुकतीच निघाली होती. दारातून आधी झगा आत येई, मग बाई. फोटोसाठी स्तब्ध उभे राहावे लागे, पण त्याची कोणाला अडचण नव्हती. त्या पिंजऱ्यासकट हलायचे म्हटले तरी हलणार कुठे?

पुढे पॅरिसच्याच पॉल प्वारेने बायकांची कंबर करकचून आवळणाऱ्या कॉर्सेटमधून सोडवली. बायका त्याला दुवा देतात न देतात तोच त्याने घोट्यांशी झगा इतका अरुंद केला, की पाऊल टाकायची पंचाईत. कर्ज माफ करून व्याज वाढवावे तसला प्रकार! याच प्वारेच्या पोशाखांचे तेरा फोटो एडवर्ड स्टायकेनने १९११ साली एका फ्रेंच मासिकासाठी काढले, आणि फॅशन फोटोग्राफीचा श्रीगणेशा पुष्कळजण तिथूनच धरतात.

तरी या सगळ्या फोटोंतल्या बायका उभ्या नाहीतर टेकलेल्या. कोणालाही कुठे जायची घाई म्हणून नाही. ८.१७ची लोकल चुकणारी बाई फॅशनच्या फोटोत यायला १९३३ साल उजाडावे लागले. अमेरिकेतल्या ‘हार्पर्स बझार’च्या संपादिका कार्मेल स्नो यांनी मार्टिन मुन्काची या हंगेरियन माणसाला बोलावले. हा गडी खेळांचे फोटो काढणारा. त्याने मॉडेलला समुद्रकिनाऱ्यावर नेले आणि सांगितले, पळ! ती पळाली, अंगावरचा झूल उडाला, फोटो निघाला. तेव्हापासून फॅशनमधल्या बायका जी धाव घेताहेत, ती अजून थांबलेली नाही.

मग आले महायुद्ध, आणि ताळेबंदाची खर्चाची बाजू सरकारनेच ताब्यात घेतली. ब्रिटनमध्ये जून १९४१पासून कपड्यांना रेशन लागले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने. पुरुषाला कोट, पाटलोण आणि जाकीट असा पुरता सूट हवा, तर त्यातली २६ गेली. दुकानदारांनी गोळा झालेली कूपने बँकेत भरायची, अशीही सोय निघाली. म्हणजे माझे कोणी व्यवसायबंधू काउंटरवर बसून झग्यांच्या आणि पाटलोणींच्या खात्यांत भरणा करून घेत होते! १९४२मध्ये सरकारने पाटलोणीच्या पायाशी दुमड ठेवायला बंदी केली. तेवढीच कापडाची बचत. त्यावर साहेब लोकांनी तोड काढली. पाटलोण मुद्दाम लांब घ्यायची आणि घरी आणून दुमडायची. कायद्याला पळवाट काढायची बुद्धी आपलीच आहे, असा जो आपला अभिमान आहे तो फुकटचा आहे.

अशा या टंचाईत १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओरने आपला पहिला संग्रह दाखवला. कंबर मुठीएवढी, आणि खाली घेर, घेर आणि घेर! मघाच्या कार्मेल स्नोबाईंनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि ते नाव चिकटले. लोक म्हणाले, काय ही सौंदर्यदृष्टी! मी मात्र सवयीने जामीनदार कोण ते पाहिले. दिओरच्या पेढीत भांडवल होते मार्सेल बुसाक यांचे. हे गृहस्थ कोण? तर फ्रान्समधले कापडगिरण्यांचे बडे मालक. गिरणीवाल्याच्या पैशाने निघालेला घेर आखूड कसा असेल?

त्याच वर्षी हे नवे कपडे घातलेल्या मॉडेल फोटो काढायला मोंमार्त्र भागात र्यू लपिक नावाच्या बाजाराच्या रस्त्यावर नेल्या. मागे गाडे, भाज्या, गोरगरीब. चित्र झकास दिसेल, असा हिशेब. पण गाड्यांमागच्या बायकांचा हिशेब निराळा होता. त्यांनी युद्धाची सगळी वर्षे विटके झगे उलटून शिवून काढली होती. समोर हा घेर आला आणि त्या गाडे सोडून धावल्या. मॉडेलचे केस ओढले, झगा टराटरा फाडला. कॅमेरे तिथे होतेच, फोटो निघाले.

फॅशनच्या साऱ्या इतिहासात मला तो फोटो सर्वांत खरा वाटतो. बाकी फोटोंत कापड ल्यालेली बाई असते. ज्यांना ते मिळाले नाही, त्या चौकटीबाहेर. इथे बाहेरच्या बायका न बोलावता आत शिरल्या. मुन्काचीची मॉडेल सांगितले म्हणून पळाली होती. या मनापासून पळाल्या.

घेर वाढला तसा उतरलाही. १९६०च्या दशकात लंडनच्या मेरी क्वांटने मिनी स्कर्ट गाजवला. त्यात माझ्यासारख्याला मोह पडतो तो करआकारणीचा. तिकडे मुलांच्या कपड्यांना विक्रीकर माफ होता आणि मुलांचा कपडा कोणता, हे झग्याच्या लांबीवरून ठरे. थोरल्या बायकांचे झगे इतके वर गेले की ते आपोआप मुलांच्या सदरात जाऊन करमुक्त झाले! शेवटी सरकारने लांबी सोडून छातीचे माप धरले. फायलीवर हा शेरा कोणी आणि कोणत्या चेहऱ्याने लिहिला असेल?

हे झाले पॅरिस-लंडनचे. पण ३० मार्च २०२३ रोजी त्याच दिओरच्या पेढीने आपला ताफा आमच्या मुंबईत गेटवे ऑफ इंडियापुढे आणला. कमानीला मुंबईतल्या कारागिरांनी हाताने भरलेले भलेमोठे तोरण लावले होते. फोटो जगभर छापून आले. मी त्यांत चौकटीबाहेरचे शोधत बसलो. हजारो टाके घालणाऱ्या त्या हातांना यातला एक झगा घ्यायचा, तर किती वर्षांचे हप्ते पाडावे लागतील, हे गणित मी कागदावर मांडायला घेतले आणि निम्म्यावर सोडून दिले.

आमच्या घरी घेर एकदाच आला, माझ्या वडिलांच्या बेलबॉटमच्या रूपाने. त्याचे व्हाउचरही आहे. स्टुडिओत रंगवलेल्या धबधब्यापुढे वडील उभे, आणि दोन्ही पायांची मिळून सतरंजी झालेली. एरवी आमच्याकडे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायची पद्धत. हा एवढाच कपडा असा, की जो अंगाला बेतून आणि पायाला वाढता शिवला होता. फॅशन गेली, पण कापड टेरिकॉटचे. ते कसले जाते? आईने एकेका पायाची एकेक बाजाराची पिशवी केली. तळाशी घेर असल्यामुळे पाच किलो कांदे ऐसपैस मावत. मागचा खिसा तिने उसवला नाही, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला तसाच ठेवला, सुट्या पैशांसाठी.

भाजीवाल्या तिची पिशवी पाहून कधी धावून आल्या नाहीत. उलट, असली कुठे मिळते, म्हणून विचारीत.