आधी आपल्या गच्चीवरचा पाऊस

खर्डी, ता. शहापूर, जि. ठाणे

चि. भाचीस,


तू सोसायटीची सेक्रेटरी झालीस हे दादाने फोनवर सांगितलं, तेव्हा फार बरं वाटलं. मग तुझा मेसेज आला. गच्चीला गळती लागलीय, फंडात पैसे एकाच मोठ्या कामापुरते आहेत आणि सभासदांची चार मतं आहेत: पत्र्याची शेड टाका, नुसतं वॉटरप्रूफिंग करा, सोलर बसवा, नाहीतर पावसाचं पाणी धरा. ‘आत्या, तू काय सांगशील?’ असं विचारलंस. हे उत्तर मोबाइलवर टाइप करण्याजोगं नाही, म्हणून पत्र लिहितेय. सभेत वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही. तुझ्या शेजाऱ्यांनाही मला हेच सांगायचं आहे.

गळती बंद करावीच लागेल. पण त्याच कामात गच्चीचा उतार नीट करून घ्या, खाली उतरणारे पाइप एकत्र आणा आणि पाऊस धरा. बाकीचं पुढच्या वर्षी.

कारण सांगते. मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यांतले विहार आणि तुळशी शहरातच आहेत. तानसा आणि भातसा आमच्या तालुक्यात, मोडकसागर आणि मध्य वैतरणा इथून जवळच वैतरणा नदीवर, आणि अप्पर वैतरणा घाटावर, नाशिक जिल्ह्यात. सातही तलाव काठोकाठ भरले की साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी होतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. शहर रोज 3,900 दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी उचलतं. म्हणजे मुलुंडमध्ये तू नळ सोडतेस तेव्हा त्यात पडणारा पाऊस बहुतेक आमच्या डोंगरांवरचा असतो.

त्याच डोंगरांच्या पायथ्याशी मे महिन्यात काय चालतं ते तू पाहिलेलं नाहीस, कारण सुट्टीत तू यायचीस ती आमच्या अंगणातल्या विहिरीवर. वरच्या पाड्यावर टँकर येतो तेव्हा तो हंडे भरून देत नाही. मोठा पाइप थेट विहिरीत सोडतो. तळाशी गाळ असतो, त्यावर पाणी आपटलं की सगळी विहीर तांबडी होते. ते निवळेपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते. काठावर उभ्या असलेल्या बायका एकदमच पोहरे सोडतात, दोर एकमेकींत गुंततात, दगडी काठाला पोहरे आपटून चेपतात. ज्या पोरीचा दोर आखूड असतो तिचा पोहरा नुसताच लोंबकळत राहतो. मग घरी हंड्यावर फडकं बांधून पाणी गाळायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यातली ही गोष्ट आहे. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि सगळा उतार. चार महिने पाणी धो धो वाहून जातं आणि होळीनंतर विहिरी तळ गाठतात.

मुंबईकरांनी आमचं पाणी पळवलं, असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांचा राग मला कळतो, कारण धरणाच्या भिंतीखाली टँकरची वाट बघणं ही अपमानाचीच गोष्ट आहे. पण मी तेवढ्यावर थांबणार नाही. तानसाचं धरण 1892 मध्ये पुरं झालं. वैतरणेवरचं 1957 मध्ये, आणि ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं ते नानासाहेब मोडक मोठ्या दृष्टीचे अभियंते होते. लाखो कष्टकऱ्यांची तहान त्या धरणांनी भागवली, त्यांत आपल्या घरचेही होते. माझं म्हणणं पुढचं आहे. शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या पाण्यावर सगळा भार टाकून बसलेलं शहर आता सुरक्षित राहिलेलं नाही, आणि या काळजीत तुझं घरही येतं.

2024 च्या फेब्रुवारीत भिवंडी तालुक्यातल्या पिसे इथल्या उदंचन केंद्रात ट्रान्सफॉर्मरला आग लागली. भातसाचं पाणी तिथूनच उपसून पुढे पांजरापूरला शुद्धीकरणासाठी जातं. एका ठिकाणी आग लागली आणि मुंबईत 15 टक्के पाणीकपात झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तलावांनी तळ गाठला आणि 10 टक्के कपात आली. आदल्या वर्षी जुलैतही तेच झालं होतं. 2025 च्या एप्रिलमध्ये टँकरवाल्यांनी संप केला तर किती सोसायट्या हवालदिल झाल्या ते तूच मला सांगितलं होतंस. आणि दुसऱ्या टोकाला 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. पाऊस आता थोड्या दिवसांत जास्त कोसळतो आणि मधले दिवस कोरडे जातात. आमचं भाताचं रोपही जूनच्या खंडात करपतं आणि कापणीच्या वेळी पावसात भिजतं. हवामान बदललं की आधी शेतकऱ्याला कळतं, शहराला उशिरा कळतं, इतकाच फरक.

यावर उपाय म्हणून आणखी एक धरण ठरलेलं आहे. वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ गारगाई नदीवर. त्यातून रोज 440 दशलक्ष लिटर पाणी मिळेल, आणि त्यासाठी तानसा अभयारण्यातलं जंगल बुडेल, लाखो झाडं जातील, पाडे उठतील. जे जंगल पाऊस धरून नदीला पाणी पुरवतं तेच पाण्यासाठी बुडवायचं, हे मला पटत नाही. निदान शहराने आधी आपल्या डोक्यावर पडणारं पाणी वापरून दाखवावं, मग दुसऱ्याच्या जंगलाकडे बघावं.

आता तुझ्या गच्चीचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तुमची गच्ची पाचशे चौरस मीटर धर, मोसमाचा पाऊस 2,200 मिलिमीटर. अकरा लाख लिटर झालं. पहिल्या सरींचं सोडून दिलेलं, उडालेलं, सांडलेलं वजा जाता नऊ लाखांच्या आसपास उरतं. तुमच्याकडे चाळीस घरं, घरटी चार माणसं. आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर संडासात ओततो. एकशेसाठ माणसांचे रोजचे 7,200 लिटर, चार महिन्यांचे साडेआठ लाखांवर. म्हणजे पावसाळाभर फ्लशचं सगळं पाणी गच्चीच देऊ शकते. पाऊस रोज सारखा पडत नाही, टाकी भरून वाहते, त्यामुळे प्रत्यक्षात निम्मंच हाती लागेल. तेवढंही थोडं नाही.

सभेत कुणीतरी हुशार सभासद उठून विचारेल, की ऑगस्टमध्ये धरणं भरून वाहत असताना आम्ही पाणी वाचवून कुणाचं भलं? प्रश्न रास्त आहे. उत्तर जून-जुलैत आहे. मुंबईत पाऊस सुरू होतो, रस्ते तुंबतात, आणि तलावक्षेत्रात मात्र अजून म्हणावा तसा पडलेला नसतो. नेमकी तेव्हाच कपात लागते. वर गच्चीवर पाणी आणि खाली कोरडा नळ, अशी अवस्था त्याच दिवसांत असते. त्या आठवड्यांत तुमच्या इमारतीने नळाचं पाणी कमी उचललं तर भातसाचा तळ तितका उशिरा दिसेल. शिवाय कोसळत्या पावसात गच्चीवरचं जेवढं पाणी टाकीत किंवा जमिनीत जाईल, तेवढं गटारात कमी.

तुमच्या आवारात मागच्या कोपऱ्यात स्लॅब टाकून झाकलेली विहीर आहे, आठवतंय? माझा सगळा जीव त्या विहिरीवर आहे. मुंबई विहारचं पाणी 1860 मध्ये येईपर्यंत विहिरी आणि तळ्यांवरच जगत होती. पुढे हिवतापाचे डास विहिरींत वाढतात म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेकडो विहिरी बुजवल्या गेल्या किंवा झाकल्या गेल्या. त्या वेळी तो निर्णय माणसं वाचवण्यासाठी होता. पण चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 सालची, आणि समुद्र इतका जवळ असून तिचं पाणी आजही गोडं आहे. तुमची विहीर गाळ काढून साफ करा. गच्चीचा पाइप आधी गाळणीत सोडा, तिच्यात खाली मोठे गोटे, वर खडी, वर जाडी वाळू. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व हवाच, कारण त्यात धूळ, कबुतरांची घाण, सगळं असतं. विहिरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, डासांचा बंदोबस्त केल्याशिवाय महापालिकेचा माणूस समाधानी होणार नाही आणि होऊही नये. पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, तपासलं तरी पिऊ नका. फ्लश, झाडं, जिना धुणं, गाड्या पुसणं, एवढ्यासाठीच ते. त्याची लाइन वेगळी ठेवा, नळाला वेगळा रंग द्या. आणि आधी एखाद्या भूजल जाणकाराला जमीन दाखवा. पावसाळ्यात जिथे भूजल मुळातच वर असतं तिथे पाणी मुरत नाही, तिथे साठवूनच वापरावं लागतं.

खर्चापेक्षा मला काळजी आहे ती देखभालीची. मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पाऊस साठवणं 2002 पासून सक्तीचं आहे. तरी किती ठिकाणी तो पाइप नुसता दाखल्यापुरता उभा आहे, हे तू आजूबाजूला फिरून बघ. चेन्नईने 2003 च्या सुमारास सगळ्याच इमारतींना सक्ती केली, विहिरींचं पाणी वर आलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग गाळण्या साफ करायचं लोक विसरले, तळी बुजत राहिली, आणि 2019 मध्ये त्याच शहराला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आपल्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, ते तर आपण टीव्हीसमोर बसून पाहिलं. म्हणून मे महिन्यात गाळणी उपसून धुण्याचं काम कुणाचं, हे नावानिशी इतिवृत्तात लिहा. सेक्रेटरी बदलली तरी काम बदलता कामा नये.

सोलर चांगलंच आहे, पुढच्या वर्षी जिन्याच्या आणि पंपाच्या बिलापुरतं बसवा. ओला कचरा आवारातच जिरवा. आणि आवारभर पेव्हर ब्लॉक बसवायचं जे चाललंय ते थांबव. झाडांच्या बुंध्याशी माती उघडी राहू दे.

मुंबईचा हवामान कृती आराखडा 2022 च्या मार्चमध्ये आला. त्यात पूर आणि पाणी यांचं वेगळं प्रकरण आहे, कचरा, हिरवाई, ऊर्जा आहेत, 2050 चं उद्दिष्ट आहे. हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी धरायला दादर-परळच्या मैदानांखाली महापालिकेने प्रचंड टाक्या बांधल्या. ते सगळं व्हायलाच हवं. पण महापालिका तुमच्या गच्चीवर चढून उतार काढणार नाही. तिथे तुझीच सही चालते. शहर तगून राहील ते अशा हजारो लहान सह्यांवर, असं मला मनापासून वाटतं.

एक मागणं आहे, ते ऐक. ऑक्टोबरअखेर भातकापणी उरकली की आमच्याकडे ओढ्यांना अजून पाणी वाहत असतं. तेव्हा वनराई बंधारे बांधतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, दाभण आणि सुतळीने तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, वरच्या थराचा सांधा खालच्या गोणीच्या मध्यावर येईल अशा. फटींत चिकणमाती ठोकायची. संध्याकाळपर्यंत मागे गुडघाभर पाणी चढतं. त्या पाण्यावर वाल, हरभरा, थोडी भाजी निघते आणि काठची विहीर जास्त दिवस टिकते. पुढच्या पावसाआधी गोण्या काढून घ्यायच्या, आणि दरवर्षी नव्याने बांधायचा. माणसं पुष्कळ लागतात, आणि कापणीनंतर पाड्यावरची निम्मी माणसं वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर गेलेली असतात.

तुमच्या आजूबाजूला दहा इमारतींचं पुनर्बांधकाम चालू आहे. रिकाम्या गोण्या तिथे ढिगाने पडलेल्या असतील. मुकादमाला सांगून पाचशे गोण्या बाजूला काढून ठेव. फाटक्या घेऊ नकोस, आणि झटकून, धुऊन घे, सिमेंटची पूड ओढ्यात उतरता कामा नये. जागा पाड्यावरची माणसं आणि ग्रामपंचायत ठरवतील, ते आपण ठरवायचं नाही. सोसायटीतले वीस जण आलात तर एका दिवसात बंधारा उभा राहील. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार धर, गोण्या आदल्या दिवशी टेम्पोने पाठव, तुम्ही ठाण्याहून सकाळची कसारा लोकल पकडा. जेवण माझ्याकडे. पायात चपला नकोत, बूट हवेत, ओढ्यातले दगड शेवाळलेले असतात. हा विषयही सभेच्या अजेंड्यावर आत्ताच घाल, म्हणजे किती जण येतात ते मला वेळेत कळेल.

तुझी,
आत्या